गोगलगायीचं पाणी

चौदाव्या शंखाचा शेंडा दगडावर आपटताना आवेरोचा अंगठा कापला, आणि रक्ताचा एक थेंब टपकन भोपळ्याच्या पांढऱ्या वाडग्यात पडला. एवढंच झालं. तीस वर्षं ती या बाजारात गोगलगायी विकत होती. डोळे मिटून शेंडा उडवावा आणि आतलं पाणी थेंबही न सांडता वाडग्यात धरावं, अशी तिच्या हाताची ख्याती. आज तोच हात फितूर झाला. तिनं अंगठा तोंडात घातला नाही, फक्त वाडग्याकडे बघत राहिली. तेरा गोगलगायींचं पाणी, निळसर, दाट, थंडगार, आणि त्यात तो लाल थेंब. तो विरघळेना. त्याचा आधी दोरा झाला, मग तो दोरा बाळगांडुळासारखा वळवळत खाली खाली जाऊ लागला. गोगलगायीची सारी थोरवी ती एवढीच, की तिला कापलं तरी रक्त येत नाही. शिंग मारत नाही, दात लावत नाही, ओरडत नाही. फोडलं तर पाणी देते. म्हणून तर पांढऱ्या देवाला, ओबातालाला, तीच लागते. ही सगळी जमीनसुद्धा म्हणे एका गोगलगायीच्या शंखातूनच सांडली. शंखात मूठभर माती होती, पाण्यावर ओतली, कोंबडीनं पायांनी विस्कटली, त्याचंच हे इबादान शहर झालं, हे लाल रस्ते, हे गंजलेल्या पत्र्यांचे डोंगर. असल्या पाण्यात रक्त म्हणजे दुधात थुंकी. आवेरोनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि कापलेलं नव्हे ते बोट पाण्यात घालून एकदा ढवळलं. दोरा तुटला. पाणी पुन्हा निळसर झालं. तिला वाटलं, कोण बघतंय?

"काय गं लेयेची आई, हात कापलास की काय?" शेजारच्या दुकानातून सुंबो ओरडली. सुंबो साली आणि मुळ्या विकायची. तिची नजर बाजारात सगळ्यात वाईट.

"हात कापायला मी काय काल बसले का इथं? तुझ्या मुळ्यांना वाळवी लागलीय ती बघ आधी."

"वाळवी लागली तर लागू दे. जमिनीतून आलं ते जमिनीचंच पोर. खाऊ दे बिचारीला." सुंबो फिदीफिदी हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आज सुनेला आणायला जाणार ना?"

"आणायला कशाला? येईलच ती."

"हो, येईल की. तू माती जिभेला लावलीस की राजासुद्धा उठून येईल. तुझा शब्द आहे बाई. लेयेच्या आईनं मेलेली गोगलगाय जिवंत म्हणून कधी विकली नाही, सगळा बाजार सांगतो." सुंबो साल सोलू लागली. सोलता सोलता, कुणाशी बोलत नाही अशा आवाजात म्हणाली, "जबडा जुळला का गं पोरीचा?"

आवेरोनं वाडगं जवळ ओढलं. पंधरावा शंख उचलला, आपटला. सोळावा आपटला. जबडा जुळला असेलच. तीन महिने झाले. तीन महिन्यांत कोनफळाला वेल फुटतो, जबडा जुळायला काय धाड भरते? पण आपटताना जो आवाज होत होता तो आज तिला बरा वाटेना. टक्. कोरडा, लहान, आत काहीतरी ओलं असल्याचा. हा आवाज तिनं आधी ऐकला होता, भिंतीपलीकडून, ताटात वाल सोलत असताना. तेव्हा तिचे हात थांबले होते का? नव्हते थांबले. तेच तर. एक शेंग, दुसरी शेंग, तिसरी शेंग, आणि टक्, आणि सुनेचा, इबिदुनचा, आवाज एकदम बंद झाला, जसा रेडिओ बंद होतो. मग तिनं आणखी सात शेंगा सोलल्या. सात का, हे तिलाही ठाऊक नाही. सात झाल्यावर ती उठली, हात पुसले, आणि भिंतीपलीकडे जाऊन मुलाला म्हणाली, "लेये, जेवायचं झालंय."

इबिदुन लाओयेची मुलगी. लाओये विणकर, त्याचं सगळं घर ओबातालाचं, पांढरं नेसणारं, ताडी न पिणारं, हळू बोलणारं. तिनं जबडा धरून माहेर गाठलं तेव्हा लेये आधी ओरडला, मग रडला, मग चार माणसं घेऊन सासऱ्याच्या पाया पडून आला. लाओये म्हणाला, जावयाच्या शब्दाला मी विचारत नाही, त्याचे शब्द माझ्या पोरीच्या तोंडात तुकडे होऊन पडलेत. त्याची आई येऊ दे. तिनं आमच्या अंगणात जमिनीला हात लावून, माती जिभेवर ठेवून सांगावं, की याचा हात पुन्हा उठणार नाही. मग मुलगी त्याच दिवशी पाठवतो. झालं. आज तो दिवस. पुजारी ओशायेमी येणार, सोळा गोगलगायींचं पाणी लेयेच्या डोक्यावर ओतणार, म्हणजे डोकं थंड. आणि आवेरो माती चाखणार, म्हणजे शब्द पक्का. एवढं सोपं. या शहरात माणसं देवळात खोटं बोलतात, कोर्टात बोलतात, नवऱ्याच्या प्रेतापुढे बोलतात. पण मातीवर नाही. माती आपण चाखली की तीही आपल्याला चाखते. खोटं असलं तर हळूहळू खाते, दाताखाली धरून.

आणि आवेरोनं ती खोटी चाखलेली होती. एकदा. ही गोष्ट तिच्याखेरीज कुणाला माहीत नव्हती, आणि तीही ती मनात असल्या जागी ठेवायची, जिथं झाडू पोचत नाही. पेट्रोलचं वर्ष होतं ते. मतांच्या पेट्यांवरून लोक पिसाळले होते. या पक्षाचे त्या पक्षाच्या माणसाला धरून भिजवायचे आणि काडी लावायचे, आणि मग घरी जाऊन हात धुऊन जेवायचे. आवेरो पाच महिन्यांची गरोदर. नवरा ओगुनशिना लोहार, लोखंडाच्या देवाच्या, ओगुनच्या घराण्यातला, खांदे असे की दारातून तिरका व्हायचा. दुपारी ती डोक्यावर जेवणाचं भांडं घेऊन त्याच्या भट्टीवर निघाली, तर चौकात गर्दी. गर्दीच्या मध्ये शिंपी. तिची चोळी शिवणारा, थट्टेखोर, दर वेळी म्हणायचा, वहिनी, पोट वाढतंय, शिलाईत जागा ठेवली हो. तो उकिडवा बसला होता, गळ्यात मोजायची फीत तशीच, केसांतून पेट्रोल ठिबकत होतं, आणि तो डोळे चोळत होता, लहान मुलाच्या डोळ्यांत साबण जावा तसा. आधी डोळे चोळून घ्यावेत, मरणाचं मग बघू, अशा घाईनं. पेट्रोलचा डबा होता ओगुनशिनाच्या हातात. त्यानं तिला बघितलं. तिनं त्याला बघितलं. मग धप्प असा आवाज झाला, पालाखाली वारा शिरावा तसा, आणि शिंपी उठून धावला, आठ पावलं, नऊ पावलं, कुणाला तरी मिठी मारायला जावं तसे हात पसरून, आणि गर्दी हसत हसत बाजूला सरली. फीत आधी जळाली. ती वळून घरी आली. भांड्यातलं कालवण अजून कोमट होतं. तिनं ते खाल्लं. गरोदर बाईला भूक लागते, त्याला ती काय करणार?

चार दिवसांनी शिंप्याची म्हातारी आई वाड्यातल्या मोठ्यांपुढे येऊन लोळली. म्हणाली, ओगुनशिनाची बायको खरं बोलणारी आहे, तिला विचारा, तिचा नवरा त्या दुपारी कुठं होता. मोठ्यांनी आवेरोला अंगणात उभं केलं. म्हातारी तिच्याकडे बघत होती. डोळ्यांत राग नव्हता, विश्वास होता, आणि विश्वासाइतकं ओंगळ दुसरं काही नाही. आवेरोनं वाकून चिमूटभर माती उचलली, जिभेवर ठेवली. "घरी होता. पत्रा ठोकत होता." माती खारट, लोखंडासारखी. ती गिळली मात्र नाही. तोंड मिटून, मान ताठ ठेवून, ती सगळ्यांच्या देखत परसात गेली, आणि भिंतीच्या आड, जिथं न्हाणीचं पाणी मुरून जमीन लोण्यासारखी मऊ झाली होती, जिथं गांडुळांनी मातीची बारीक बारीक वेटोळी घालून ठेवली होती, तिथं थुंकली. थूः. तीनदा थुंकली, चूळ भरली, पुन्हा थुंकली. आणि काय सांगावं, तिला हसू आलं. मातीला फसवलं! जी पोटात गेलीच नाही ती माती खाणार कुठून? इतकी वर्षं बायका खोटं बोलून मेल्या, कुणाला एवढं सुचलं नाही. ती ओठ पुसून पुढच्या दारी आली तेव्हा म्हातारी तिच्या पाया पडत होती.

मग लेये झाला. सासूबाईंनी नाळ घेतली, कापडात गुंडाळली, आणि कुदळीनं पुरायला परसात गेल्या. आवेरो बाजेवरून खिडकीतून बघत होती. सासूबाई इथं ठोकून बघतात, तिथं ठोकून बघतात, जमीन कडक. मग भिंतीच्या आड गेल्या आणि आनंदानं ओरडल्या, "इथं बघ किती मऊ! गांडुळांची जागा, भाग्याची जागा. गांडूळ जमिनीला नमस्कार करून आत शिरतं, म्हणून जमीन त्याला तोंड उघडते. माझा नातू असाच होईल, जाईल तिथं वाट मिळेल." आवेरोनं तोंड उघडलं. नको तिथं, सासूबाई, एवढंच म्हणायचं. पण का, असं विचारलं असतं तर? तिनं तोंड मिटलं. कुदळ तिच्या थुंकीत उतरली. नाळ तिथं गेली. तेव्हापासून आवेरोला एक वास येतो, ओल्या मातीचा, पहाटे उशीत तोंड खुपसलं की, लेये जवळून गेला की. बाकीच्यांना घामाचा येतो.

पोर चालायला लागलं तेच मुठी आवळून. सहा वर्षांचा असताना तिच्या टोपलीतल्या गोगलगायींवर त्यानं मिठाचा अख्खा पुडा ओतला. ती आली तर टोपली उकळत होती. चूल नाही, जाळ नाही, आणि टोपली उकळत होती. हिरवा पांढरा फेस, आणि फेसाच्या आतून बारीक शिट्टीसारखा आवाज, ज्यांना आवाजच नाही त्यांचा. लेये वाकून बघत होता, गाल लाल, दोन्ही हात गुडघ्यांवर. "आई, त्या नाचतायत." आणि ती हसली. देवाशप्पथ हसली. शेजारणीला बोलावून दाखवलं, बघ माझा वाघ, बघ बापाचं रक्त. बाप तोपर्यंत मेला होता, भट्टीवर, घणाचा दांडा निसटून. माती हळूहळू खाते म्हणतात ते. मग लेये वाढला, बस चालवायला लागला, आठवड्यातून एकदा कुणाचं तरी नाक फोडून यायचा, आणि आवेरो दर वेळी गोगलगाय फोडायची. रात्री झोपेत त्याच्या कपाळाला पाणी लावायची. जेवणात घालायची. थंड हो रे बाबा, थंड हो. दोन दिवस तो थंड व्हायचा. मग एके दिवशी म्हणाला, आई, बस कर, चिकट लागतं. तेव्हापासून तिनं ते पाणी सुनेला द्यायला सुरुवात केली.

हे तिला आज, या क्षणी, वाडग्याला झाकण घालताना कळलं. इतकं साधं, की ती झाकण हातात धरून तशीच बसली. चार वर्षं इबिदुन घरात होती, चार वर्षं तिच्या डोक्यावर हिनं पाणी ओतलं. पहिल्यांदा ओठ फुटला तेव्हा. दंडावर इस्त्रीचा डाग आला तेव्हा. पोट पडलं तेव्हा. "बस इथं, डोकं खाली कर. गोगलगाय बघ कशी राहते. कुणी हात लावला की आत जाते. तूही आत जा." आणि पोर आत गेली. खरंच गेली. हळू चालायला लागली, भिंतीला धरून, न बोलता, आपलं घर पाठीवर घेऊन. आग एका छपराला लागलेली, आणि ही बया दुसऱ्याच छपरावर चार वर्षं पाणी ओतत होती.

बाहेर हॉर्न वाजला. लेये आला होता. पांढरा सदरा, पांढरी टोपी, कारण ओबातालाच्या अंगणात दुसरा रंग चालत नाही. बस रिकामी करून, धुऊन आणली होती. "चला राणीसाहेब! पुढं बसा, माझ्याशेजारी. सुंबोमावशी, येतेस का? मागच्या सीटवर जागा आहे, तुझ्या आकाराची नाही, पण बघू." सुंबोनं त्याच्यावर एक मुळी फेकली. तो हसला. हसला की चांगला दिसायचा, हीच तर पंचाईत. आवेरो वाडगं मांडीवर घेऊन बसली. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, जड, गरम. "आई, तू फक्त बोल. दोन वाक्यं. मी बदललोय. तुला दिसतंय ना?"

"दिसतंय."

"तिनं मला किती छळलं ते तुला माहीत आहे. तोंड उघडायची नाही. मी बोलतोय, बोलतोय, आणि ही भिंतीकडे बघतेय. माणसाचं डोकं फिरणार नाही?"

"फिरेल."

"तेच म्हणतो मी." त्यानं खांदा दाबला.

उतारावरच्या चौकात एक टॅक्सी मध्ये घुसली. बसच्या पत्र्याला नुसतं खरचटलं, जेवढं मांजराच्या नखानं होईल तेवढं. टॅक्सीवाला म्हातारासा, दात पुढं आलेला, खिडकीतून हात जोडून म्हणाला, "माफ कर दादा, ब्रेक लागला नाही." लेयेनं गाडी बंद केली. सीटखालून चाकाचा पाना काढला आणि उतरला. आवेरो म्हणाली, "लेये." मोठ्यानं म्हणाली की मनात, तिला कळलं नाही. तो शांतपणे चालत गेला, सदऱ्याची बाही दुमडत. एकदा दुमडली, दुसरी दुमडली, नीट, देवपूजेला बसावं तशी. मग पाना वर गेला. म्हाताऱ्यानं जोडलेले हात तसेच होते, म्हणून आधी हात मोडले. टक्. मग तोंड. टक्. म्हातारा ओरडला नाही. त्यानं हाताच्या कोपरांनी डोळे चोळले, जसं काही डोळ्यांत साबण गेलाय. गर्दी झाली. गर्दीतलं कुणीतरी हसलं. आवेरोच्या मांडीवर वाडग्यातलं पाणी हिंदकळत होतं आणि तिला तो वास येत होता, ओल्या मातीचा, आणि त्यात पेट्रोलचा. लेये परत आला, पाना सीटखाली ठेवला, गाडी चालू केली. दम लागला होता. सदऱ्यावर, बरोबर काळजावर, लाल ठिपका.

"श्शी," तो म्हणाला. "आई, तुझी ओढणी दे जरा. झाकतो. ते लोक असल्या गोष्टी बघतात."

तिनं आपली पांढरी ओढणी दिली. त्यानं ती मानेभोवती घालून पुढं सोडली, आरशात बघितलं, आणि तिच्याकडे वळून हसला. सहा वर्षांचा होता तसाच, गाल लाल. "आता सगळं ठीक होणार."

लाओयेचं अंगण झाडून पांढरं केलेलं. एका बाजूला माग, त्यावर अर्धं विणलेलं कापड. लाओये, त्याचे दोन भाऊ, पुजारी ओशायेमी पाटावर बसलेला, नव्वदीचा, वाळून शेंगेसारखा झालेला. आणि दारात इबिदुन. तिनं गुडघे टेकून सासूला नमस्कार केला. जबडा जुळला होता, पण वाकडा. तोंड जसं काही डाव्या कानाला काहीतरी सांगायला निघालं होतं आणि वाटेत थांबलं. आवेरोनं नजर वळवली. ती स्वतः कधी कुणापुढे दोन्ही गुडघे टेकत नसे. एकच टेकायची, तोही अर्धा. बाजारात म्हणायचे, आवेरोचा दुसरा गुडघा सोन्याचा आहे, झिजेल म्हणून जपते.

"आलात?" लाओये म्हणाला. "बसा. ताई, मी तुम्हाला ओळखतो. माझ्या बापानं तुमच्याकडून गोगलगायी नेल्या, मी नेल्या, एक मेलेली निघाली नाही. म्हणून तुम्हाला बोलावलं. मुलगा तुमचा, मुलगी माझी, मध्ये माती."

"थोडक्यात आटपा," लेये हळूच म्हणाला. लाओयेनं ऐकलं, पण मान हलवली नाही.

इबिदुन पुढं आली. बोलताना तिला एका हातानं गाल धरावा लागत होता. "आई, मी याच्या शब्दावर येणार नाही. तुमच्या शब्दावर येईन." शब्द ओले, कडा नसलेले. "तुम्ही मला पाणी लावायचात ना, तेव्हा तुमचा हात थरथरायचा. म्हणून मला वाटतं, तुम्ही खोटं बोलणार नाही." आणि तिनं बघितलं. तेच डोळे. राग नाही. शिंप्याच्या म्हातारीचे डोळे तीस वर्षं कुठं होते? जमिनीत होते, आज वर आले.

ओशायेमीनं वाडगं मागितलं. आधी थोडं पाणी अंगणाच्या मधोमध ओतलं, जमिनीला आधी, माणसाला मग. लाल माती काळी झाली. ओशायेमी पुटपुटला, "गांडूळ जमिनीला नमस्कार करतं, जमीन तोंड उघडते. आम्हीही नमस्कार करतो. उघड." सगळे बघत राहिले. ओलीच्या कडेला मुंग्यांची एक रांग आली, थबकली, पाण्याला वळसा घालून गेली. कुणाच्या लक्षात आलं नाही. आवेरोच्या आलं. ओशायेमीनं वाडगं उचललं, लेयेकडे वळला. लेयेनं टोपी काढली, डोकं पुढं केलं. मानेवर तिची ओढणी, ओढणीखाली तो ठिपका.

"आता तुम्ही, ताई," लाओये म्हणाला.

आवेरो वाकली. ओल्या जागेतून चिमूट उचलली. जीभ बाहेर काढताना तिला भिंतीचा आडोसा दिसला, दोन पावलांवर, लाओयेच्या घराला पण परस होतं, तिथली जमीन मऊ असेल. दोन वाक्यं, आणि मग तोंड मिटून, मान ताठ ठेवून, तिथवर. कोण बघतंय? माती जिभेवर आली. खारट, लोखंडासारखी, आणि गोगलगायीच्या पाण्यानं बुळबुळीत, आणि तिच्या स्वतःच्या रक्ताची. काल नाही, तीस वर्षांपूर्वी नाही, आज सकाळची.

तिचा गुडघा टेकला. मग दुसरा टेकला. सोन्याचा गुडघा चिखलात गेला तसा तिला हलकं वाटलं, मेली कशाला इतकी वर्षं जपत होते, असं.

"या पाण्यात रक्त आहे," ती म्हणाली. तोंडात माती, शब्द जाड येत होते. "माझं. सकाळी पडलं. मी ढवळून टाकलं."

ओशायेमीचा हात थांबला. लेयेनं डोकं वर केलं. "आई?"

"याच्या सदऱ्यावर पण रक्त आहे. ओढणी काढून बघा. आत्ता येताना, चौकात, हात जोडलेल्या माणसाचं."

"आई, तोंड बंद कर."

"लाओये, तुझी पोर देऊ नकोस. हा तिला मारील. हात नाही उठणार असं नाही, जीव जाईस्तोवर उठेल. मी भिंतीपलीकडे शेंगा सोलत होते, मला माहीत आहे. ह्याची नाळ मी थुंकले त्या जागी पुरलीय. ह्याच्या बापानं शिंप्याला जाळलं आणि मी मातीवर—"

तिला एवढंच बोलता आलं. लेयेचा पाय आधी वाडग्याला लागला की तिच्या कुशीला, हे नंतर कुणी सांगू शकलं नाही. वाडगं फुटलं. तिच्या आत काहीतरी टक् झालं, कोरडं, लहान. ती तोंडावर पडली. वरून तो मारतच होता, आणि ओरडत होता, "माझी आई आहेस का तू? आई आहेस का?" आणि पुरुष त्याच्या अंगावर पडले, माग कोसळला, दोऱ्यांचा गुंता, कुणाचा तरी दात, इबिदुनची किंकाळी, तीन महिन्यांत पहिली, वाकड्या तोंडातून निघालेली, अख्खी. आवेरोला सगळं दुरून ऐकू येत होतं. तिचा गाल जमिनीवर होता. डोळ्यापासून बोटभर अंतरावर, जिथं पाणी मुरलं होतं, तिथून एक गांडूळ वर आलं होतं. एवढ्या आरड्याओरड्यात त्याला काही घाई नव्हती. त्यानं डोकं खाली घातलं, जमिनीला टेकलं, आणि थांबलं. मग जमीन उघडली, एवढीशी, त्याच्या मापाची, आणि ते आत जाऊ लागलं.

कुणीतरी तिचं डोकं मांडीवर घेतलं. गालावर हात, दुसरा हात आपलाच जबडा धरलेला. "आई, तोंडात माती आहे. थुंका. थुंका आई, गुदमराल."

लेयेला तिघांनी खाली दाबून धरलं होतं. तो आता रडत होता, आणि तिच्याकडे बघत होता.

आवेरोनं सुनेचा हात बाजूला केला, तोंड मिटलं, आणि माती गिळली.